निळे मणी कुणाला दिसले का?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत गेले तीन आठवडे 'जेरेमाया जॉन्सन' या जुन्या वेस्टर्न सिनेमावरनं वाचकांची जी जुंपलीय ती मी चवीनं वाचतेय. पत्र लिहायचं नव्हतं खरं तर, गुडघे दुखतायत, घरात पाहुणे आहेत, पण गेल्या रविवारी एकांनी लिहिलं की नायकाची बायको आणि मुलगा मध्येच मारले जातात, का मारले काही सांगत नाहीत, पटकथेत सरळ भोक आहे, आणि मग मला राहवेना. कारण दोन महिन्यांपूर्वी मी हेच, जवळजवळ याच शब्दांत, आमच्या भाऊजींना ठणकावून सांगितलं होतं आणि तोंडावर आपटले होते.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वेस्टर्नचं वेड त्यांना कॅसेटच्या जमान्यापासून, घोडा आणि टोपी दिसली की जेवणसुद्धा विसरतात. या सिनेमाचे नायक रॉबर्ट रेडफर्ड १६ सप्टेंबर २०२५ ला गेले, ८९ वर्षांचे होते, अमेरिकेतल्या यूटा राज्यात डोंगरातल्या आपल्या घरीच गेले, ती बातमी वाचून भाऊजींनी डीव्हीडी शोधून काढली आणि एका संध्याकाळी आम्हाला सगळ्यांना बसवलं. सुरुवातीलाच गंमत झाली. या सिनेमाला आधी नुसतं संगीत आहे, ओव्हर्चर म्हणतात त्याला, वाद्यं वाजत राहतात आणि पडद्यावर काही हलत नाही. आमचे हे उठून टीव्हीच्या मागची वायर हलवायला लागले. भाऊजी ओरडले, अरे बस, ही नांदी आहे! सांगलीतल्या माणसाला नांदी म्हटलं की कळतं, लगेच बसले.

आणि नातू, दहावीतला, मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला, तो दाढीवाल्या रेडफर्डला बघून एकदम किंचाळला की आज्जी हा तर तो मान डोलवणारा! व्हॉट्सअॅपवर ते फिरतं ना, एक दाढीवाला माणूस हळूच हसतो आणि मान हलवतो, कॅमेरा जवळ जवळ जातो, कुणी काही चांगलं बोललं की पोरं ते पाठवतात. ते याच सिनेमातलं आहे आणि जगातल्या निम्म्या पोरांना तो दुसराच कुणी विनोदी नट वाटतो, झॅक गॅलिफियानाकिस का कोण तो. असो. त्या मान डोलवण्यामुळे नातू पुढचे पावणेदोन तास बसला हे माझ्या दृष्टीनं रेडफर्डचं मोठं काम.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेक्सिकोशी झालेली लढाई (१८४६-४८) लढून आलेला एक माणूस, माणसांना कंटाळलेला, रॉकी डोंगरात सापळे लावून जनावरं धरायला निघतो. अनुभव शून्य. तिथं एक म्हातारा शिकारी त्याला शिकवतो, पुढे एका वेड लागलेल्या बाईचा मुका मुलगा त्याच्या गळ्यात पडतो, मग फ्लॅटहेड जमातीच्या पुढाऱ्याशी देवाणघेवाणीत घोटाळा होऊन त्याची मुलगी स्वान याची बायको होते. नको नको म्हणता संसार उभा राहतो. मग एक दिवस पलटण दारात येते की आमची माणसं बर्फात अडकलीत, वाट दाखव. वाट क्रो नावाच्या दुसऱ्या जमातीच्या दफनभूमीतनं जाते. तिथनं जायचं नसतं हे याला पक्कं माहीत, सोबतचा पाद्री आणि लेफ्टनंट ऐकत नाहीत, तिकडे माणसं उपाशी मरतायत, आणि हा शेवटी कबूल होतो. सगळे एका रांगेत, श्वास धरून, मचाणांवर ठेवलेल्या मढ्यांमधनं घोडे काढतात.

इथपर्यंत मी नीट पाहिलं होतं. आणि मग कुकरची शिट्टी झाली.

मी उठले, गॅस बारीक केला, परत आले, फार तर मिनिटभर गेलं असेल, तोवर जॉन्सन घोडा फेकत घराकडे सुटलेला आणि घरात बायको आणि पोरगा मरून पडलेले. मी म्हटलं हे काय, एकदम? कुणी सांगितलं त्याला? भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं की जसं मी नाटकात मोबाईल उचललाय. ते काही बोलले नाहीत, रिमोट घेतला आणि मागे नेलं. जॉन्सन काम उरकून एकटाच परत येतोय, त्याच दफनभूमीतनं, घोडा सावकाश चाललाय, आणि तिथल्या मढ्यांवर निळं काहीतरी लटकतंय. जाताना ते नव्हतं. ते स्वानचे निळे मणी आहेत, तिच्या अंगावरचे. बस्स. कुणी बोलत नाही, कुणी किंचाळत नाही, तो बघतो, आणि घोड्याला टाच मारतो. तुम्ही आमच्या मेलेल्यांना तुडवलंत, आता तुमची माणसं आमच्या मेलेल्यांना वाहिली, हे सगळं त्या दोन-चार निळ्या मण्यांत सांगून झालं.

मला लाज का वाटली ते सांगते. मी २८ वर्षं हौशी नाटकांची प्रॉपर्टी सांभाळलीय. कंदील, काठी, तांब्या, पत्र, औषधाची बाटली, कुठल्या प्रवेशात कुठल्या हातात काय पाहिजे ही माझी वही. एका वर्षी राज्य नाट्य स्पर्धेत आमच्या नाटकात नवऱ्याचं बरंवाईट झाल्याचं बायकोला कळतं ते उंबऱ्यात पडलेल्या हिरव्या बांगडीच्या तुकड्यावरनं, तिनंच त्याला बाजारातनं आणायला सांगितलेल्या बांगड्या. तुकडा मी स्वतः ठेवला होता, खडूची खूण करून, बरोब्बर जागेवर. लाइटवाल्या पोरानं स्पॉट एक फूट डावीकडे टाकला. नटी वाकली, उचलला, रडली, पण प्रेक्षकांना दिसलं काय तर बाई उंबऱ्यात वाकली आणि रडायला लागली. नंतर परीक्षकांनी विचारलं, तिला कळलं कसं? मी विंगेत होते, ढसाढसा रडले. आणि त्याच मी, बावीस वर्षांनी, सोफ्यावर बसून, दुसऱ्याच्या बांगडीच्या तुकड्याला पटकथेतलं भोक म्हणत होते!

त्यामुळं माझं त्या वाचकांना एवढंच म्हणणं आहे की भोक नाहीये, तुम्हीही बहुतेक कुकर बंद करायला उठला असणार. (किंवा फॉरवर्ड केलं असणार. आमच्या नातवाचंही बोट शिवशिवत होतं.)

त्या दिवसापासनं मी सिनेमा आणखी दोनदा पाहिला आणि फक्त वस्तू बघितल्या, जुनी सवय. काय नेमकं काम केलंय! बंदुकीचं घ्या. त्याला ५० कॅलिबरची हॉकेन बंदूक हवी असते, सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंची, त्या काळी डोंगरात जाणाऱ्यांत तिला फार मान. मिळते ३० ची. तेवढ्यावर समाधान मानून निघतो. पुढे उपासमारीत फिरताना त्याला झाडाला टेकून बसलेला एक गोठलेला मेलेला माणूस सापडतो, हॅचेट जॅक, त्याच्या हातात ५० ची हॉकेन आणि चिठ्ठी, की माझे पाय मोडलेत, डोकं ठिकाणावर आहे, ज्याला सापडेल त्यानं ही बंदूक घ्यावी, चांगली आहे, ज्या अस्वलानं मला मारलं ते हिनंच मारलंय. म्हणजे नायकाला हवी ती वस्तू मिळते, पण मेलेल्याच्या हातनं. तिथंच कळायला पाहिजे होतं की या डोंगरात जे मिळतं ते कुणाच्यातरी मयतावरनं उचललेलं असतं. बंदूक तशी, मुलगा तसा, त्याची भावंडं मारली गेली आणि आईचं डोकं फिरलं म्हणून मिळालेला.

किंवा डेल ग्यूचं टक्कल. हा माणूस पहिल्यांदा भेटतो तेव्हा गळ्यापर्यंत वाळूत पुरलेला असतो, डोकं सफाचट, कारण केसच नसले तर कुणी टाळूची कातडी काढून नेणार नाही असा त्याचा हिशोब. शेवटी शेवटी परत भेटतो तर डोक्यावर भरघोस केस. एका नटाच्या डोक्यावर एका माणसाचा अख्खा विचार बदललेला दाखवलाय, विगच्या खर्चात. आमच्या ग्रुपचा विगवाला आता नाही, असता तर त्याला हे दाखवलं असतं.

आता "फार स्लो आहे" या तक्रारीबद्दल. तीन आठवड्यांतल्या पत्रांत हीच तक्रार सगळ्यात जास्त दिसली. स्लो आहे, कबूल, मलाही पहिल्या अर्ध्या तासात एकदा डुलकी लागली. पण शेवटच्या भेटीत तो म्हातारा बेअर क्लॉ आणि जॉन्सन सशाचं मांस भाजत बसलेत आणि जॉन्सन विचारतो महिना कुठला चाललाय, आणि दोघांनाही धड माहीत नाही, मार्च असेल, एप्रिल असेल. ज्याला महिना माहीत नाही त्याच्या गोष्टीला पळवून काय करणार? आणि घर जाळायच्या आधी तो त्या खोपटात बसून राहतो ना, मढी तशीच, उजेड बदलत जातो, एक शब्द नाही, तो सीन दुप्पट स्पीडनं बघणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार.

हेही सांगते की हा सिनेमा स्टुडिओत करा असा कंपनीचा आग्रह होता, दिग्दर्शक सिडनी पोलॅक आणि रेडफर्ड ऐकले नाहीत, यूटाच्या डोंगरातच शूटिंग केलं, टिंपॅनोगोस डोंगराच्या परिसरात, शिवाय झायन नॅशनल पार्काकडे. रेडफर्डनी तिथली जमीन आधीच घेतली होती, म्हणजे ते स्वतःच्या परड्यातच काम करत होते म्हणायचं. पैसे कमी पडू नयेत म्हणून पोलॅकनी घर गहाण टाकलं. आणि मी प्रॉपर्टीवाली म्हणून सांगते, बर्फात एकदा पाऊल उमटलं की दुसरा टेक घ्यायला नवं बर्फ शोधावं लागत असणार, स्टुडिओतल्या कापसावर नुसता झाडू फिरवला की झालं. ती मेहनत स्लो वाटते कारण ती खरी आहे. १९७२ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता हा सिनेमा आणि अमेरिकेत पैसाही चांगला कमावला, म्हणजे तिथल्या लोकांना काही झोप लागली नाही.

एका ट्रेकर वाचकांनी लिहिलंय की हा सिनेमा म्हणजे नोकरी सोडून डोंगरात जायचं निमंत्रण आहे. अहो दादा, नीट बघा की. पहिल्या हिवाळ्यात हा मनुष्य बर्फाच्या ओढ्यात हातानं मासे धरायला जातो आणि धपकन पडतो, आणि समोर घोड्यावर क्रो जमातीचा एक गडी, पेंट्स हिज शर्ट रेड असं त्याचं नाव, जवळ माशांची अख्खी माळ, याच्याकडे नुसता बघत बसलाय. हसत पण नाही. त्या नजरेत जे आहे ते आमच्या गावाकडची म्हातारी शहरातल्या सुनेचा पहिला भाकरीचा प्रयत्न बघते तेव्हा असतं. म्हाताऱ्यानं हात दिला नसता तर हा पहिल्याच थंडीत दुसरा हॅचेट जॅक झाला असता. म्हाताऱ्याचं शिकवणं पण कसं, तर जिवंत अस्वल मागे लावून झोपडीत पळत येतो, स्वतः मागच्या खिडकीतनं बाहेर, आणि अस्वल याच्या ताब्यात, सोल म्हणे! आमच्या जाऊबाई या सीनला इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

आणि सालाचा पण विचार करा. बीव्हर म्हणजे नदीकाठचा एक केसाळ प्राणी, त्याच्या कातड्याच्या टोप्यांची युरोपात फॅशन होती म्हणून हा सापळ्यांचा धंदा, या लोकांची वार्षिक जत्रा भरायची ती १८२५ ते १८४०. पुढे रेशमी टोप्या आल्या, बीव्हरही संपत आले, भाव पडले. जॉन्सन डोंगरात येतो मेक्सिकोच्या लढाईनंतर. म्हणजे जत्रा उठल्यावर दुकान मांडायला आलेला माणूस. आणि ज्या माणसांपासनं पळाला ती पलटण, पाद्री आणि बैलगाड्या घेऊन त्याच्याच दारात. कसलं निमंत्रण आलंय!

तिसरी तक्रार मात्र मला पटते, ती ज्या ताईंनी लिहिली त्यांना माझा पाठिंबा. तिथल्या मूळ रहिवाशांची बाजू सिनेमात त्यांच्या तोंडनं येत नाही. स्वानला इंग्रजी येत नाही, याला तिची भाषा येत नाही, तो तिला "येस" एवढंच शिकवतो आणि स्वतःच प्रश्न विचारून तिच्याकडनं येस म्हणवून घेतो, मोठा शिकारी, येस? मला हसू आलं आणि रागही आला. तिची सगळी ओळख काय तर तिचे मणी. तिला गाणं म्हणताना, भांडताना, कंटाळलेली आम्ही बघितली असती तर मढ्यावरचे मणी बघून पोटात आणखी खड्डा पडला असता. फ्लॅटहेड मंडळी ख्रिश्चन झालेली आणि फ्रेंच बोलणारी दाखवलीत, जेझुइट पाद्री त्यांच्याकडे १८४१ च्या सुमारास पोचले होते, म्हणजे अभ्यास केलेला आहे, मग त्या पोरीला चार वाक्यं का नाही दिली?

पण क्रो लोकांना खलनायक केलंय हे मात्र मी मान्य करत नाही. कायदा त्यांचाच मोडला गेलाय. नंतर ते जॉन्सनवर एकेकटे येतात, टोळीनं नाही, हा तर त्याचा मान ठेवणं झालं. आणि त्या वेड्या बाईच्या घरापाशी काय सापडतं? ती बाई मेलेली, तिच्या जागी नवं कुटुंब राहायला आलेलं, आणि जवळच क्रो लोकांनी जॉन्सनच्या नावानं एक ठाणच उभं केलंय, वस्तू वाहिल्यात. ज्यांनी त्याची बायको मारली आणि ज्यांचे कितीतरी गडी त्यानं मारले, तेच त्याला वाहतायत. पहिल्यांदा वाहिले ते निळे मणी, आता हे. मला इथं अंगावर काटा आला, आणि भाऊजींना मी पहिल्यांदा काहीतरी दाखवू शकले, त्यांच्या हे डोक्यात आलं नव्हतं.

खऱ्या जॉन्सनवरनं दोन पत्रांत फार चिखलफेक झालीय म्हणून थोडंसं. यकृतं खाणारा जॉन्सन म्हणून प्रसिद्ध असलेला एक माणूस खरंच होता, त्याच्या दंतकथांवरनं १९५८ साली पुस्तक आलं आणि सिनेमा काही अंशी त्यावर आहे. शेकडो क्रो मारले वगैरे गोष्टींवर अभ्यासक फारसा विश्वास ठेवत नाहीत. तो म्हातारपणी मोंटानात पोलिसाची नोकरी करत होता आणि जानेवारी १९०० मध्ये वारला तो लॉस एंजेलिसच्या सैनिकांच्या आश्रमात. सिनेमाने यकृत गाळलं हे बरंच केलं. मला आवडली ती पुढची हकीकत. कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टर गावच्या एका शाळेतल्या सातवीच्या पोरांनी मास्तरांबरोबर खटपट केली की या डोंगरी माणसाला शहरातल्या कबरस्तानात कशाला ठेवलंय, आणि जून १९७४ मध्ये त्याला तिथनं काढून वायोमिंगमधल्या कोडीला डोंगराच्या पायथ्याशी पुन्हा पुरलं. शवपेटीला खांदा द्यायला कोण, तर रेडफर्ड स्वतः.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा तुमच्यासाठी, संपादक महाशय. सिनेमाच्या शेवटी ओढ्यावर मासे घेऊन बसलेला तो पेंट्स हिज शर्ट रेड लांबवर परत दिसतो. जॉन्सनचा हात बंदुकीकडे जातो, म्हणजे ती मेलेल्या जॅकचीच बंदूक बरं का. समोरचा हात वर करतो, मोकळा तळवा. बराच वेळ काही होत नाही. मग जॉन्सन हात वर करतो आणि चित्र तिथंच थांबतं. हा समेट, का नुसता "ओळखलं बरं का", का थकवा, यावरनं आमच्या घरात रात्री साडेअकरापर्यंत वाद चालला, यांचं मत समेट, भाऊजींचं मत थकवा, नातवाचं मत "दोघं पण बोअर झालेत", आणि माझं असं की सबंध सिनेमात हा पहिला हात आहे ज्यात काही वस्तू नाही. ना बंदूक, ना सापळा, ना मणी. रिकामा हात.

तर तुमच्या पुरवणीत पहिल्या लेखाबरोबर नेमका हाच फोटो आला होता, पान चारवर, डावीकडे वर. ले-आऊटवाल्यानं तो गृहकर्जाच्या जाहिरातीत बसवायला वरनं कापलाय. रेडफर्डची दाढी आहे, टोपी आहे, खांदा आहे, आणि हात मनगटाच्या खालीच संपलाय. आमच्या लाइटवाल्यानं निदान स्पॉट एक फूटच चुकवला होता. कृपया तो फोटो पुढच्या रविवारी सबंध छापावा, लहान छापला तरी चालेल.

आपली,
एक वाचक, सांगली